माहेर कुणाच्या नावावर असतं?

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायला वेळ मिळाला नाही आणि आता लोकलमध्ये किंवा बसमध्ये मोबाईलवर वाचताय, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलण्यातलं थोडं इकडेतिकडे केलंय, बाकी जसंच्या तसं.

आजचा विषय दिसायला साधा आहे. बायकांनी लिहिलेल्या मराठी कथा-कादंबऱ्यांमध्ये नायिका घरी परत येते आणि तिचं एक प्रेम कुठेतरी अर्धवट राहिलेलं असतं. तुम्ही म्हणाल, हा तर सगळ्या सिरियलींचा प्लॉट आहे. बरोबर आहे. पण मला प्रश्न पडला होता तो वेगळाच. ही नायिका परत येते म्हणजे नक्की कुठे येते? ते घर कुणाचं असतं?

हा प्रश्न पुस्तक वाचून पडला नाही. तो पडला दुय्यम निबंधक कार्यालयात, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून. माझी आत्या तिथे हक्कसोडपत्रावर सही करायला आली होती. आजोबांच्या घरातला आणि जमिनीतला तिचा हिस्सा ती बाबांच्या आणि काकांच्या नावे सोडत होती. अंगठा मशीनवर, फोटो कॅमेऱ्यात, दोन साक्षीदार, झालं. दहा मिनिटांचं काम. बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, ‘आत्या, का सोडलंस?’ ती म्हणाली, ‘अगं, भाऊबीजेला यायचंय ना मला.’

ही आत्या १९७९ साली लग्न होऊन गेली. १९८६ साली एक पत्र्याची ट्रंक घेऊन परत आली आणि चार महिने राहिली. मग पुन्हा सासरी गेली. का आली, का गेली, हे आमच्याकडे कुणी बोलत नाही. ते चार महिने तिने काय केलं, तेवढं मला माहीत आहे. गावातल्या वाचनालयातून रोज एक कादंबरी आणून वाचली. तर आजचा भाग एका अर्थी त्या चार महिन्यांबद्दल आहे.

आधी कोर्ट, मग कादंबरी

सुरुवात कादंबरीपासून करायला हवी, पण करूया एका खटल्यापासून. कारण कादंबऱ्यांनी जो प्रश्न पुढची शंभर वर्षं चघळला, तो आधी मुंबई हायकोर्टात विचारला गेला.

रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झालं. त्या नांदायला गेल्याच नाहीत. आई आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडे राहिल्या, शिकल्या. १८८४ मध्ये दादाजींनी दावा लावला की माझी बायको मला परत द्या. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने लागला. मग अपील झालं आणि १८८७ मध्ये कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. शेवटी १८८८ मध्ये दादाजींना दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटला त्यांनी काम केलं.

यात एक बारकी गोष्ट बघा. रखमाबाई ठामपणे ‘नाही’ म्हणू शकल्या, कारण त्यांना राहायला जागा होती. डोक्यावर छप्पर होतं आणि त्या छपराखालची माणसं त्यांच्या बाजूची होती. हे ज्या बाईकडे नव्हतं, तिचं ‘नाही’ कोर्टापर्यंत पोचलंच नाही. ते पोचलं जात्यापर्यंत. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या चाळल्या तर माहेरची वाट, भाऊ, आई, सासरचा जाच हे पुन्हा पुन्हा येतं. माहेर तिथे डोळ्यांपुढे असतं, पण दूर असतं. येणं सणापुरतं आणि परत जाणं ठरलेलं.

आता कागदावरचं. साळूबाई तांबवेकरांची ‘चंद्रप्रभाविरहवर्णन’ १८७३ साली आली. बाईने लिहिलेली पहिली मराठी कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात. नावातच ‘विरह’ आहे. म्हणजे मराठीत बाईने कादंबरी लिहायला घेतली, तेव्हा विषय हातात आला तो हाच.

नवरा घर सोडून गेला तर?

पुढचं पुस्तक कादंबरी नाही, आत्मचरित्र आहे. पण त्याच्याशिवाय ही गोष्ट पुढे जात नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’, १९३४ ते १९३६ मध्ये चार भागांत आलेलं.

लक्ष्मीबाईंचे पती कवी नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले. त्या काळात याचा अर्थ काय? नवरा जिवंत, संसार संपला. त्या माणसाच्या हातचं पाणी चालत नाही, आणि बायको ना विधवा ना सवाष्ण. लक्ष्मीबाई पंढरपूरला नातेवाइकांकडे राहिल्या. काही वर्षांनी त्या स्वतः निर्णय घेऊन नगरला नवऱ्याजवळ गेल्या. तिथेही आपलं सोवळं त्यांनी लगेच सोडलं नाही. १९०० मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या, पण नवऱ्याच्या मागून फरफटत नाही, आपल्या डोक्याने विचार करून.

मला यात आवडतं ते हे, की इथे घरी परतणं उलटं झालंय. सगळा समाज म्हणतोय, माहेरच्या माणसांत राहा, तेच तुझं घर. आणि ही बाई म्हणतेय, ज्याच्यावर जीव आहे तो जिथे आहे तिथे मी जाणार, पण माझ्या अटीवर. आणि हे सगळं ती सांगते कसं? हसत. रडू येईल अशा जागी ती विनोद करते. ज्यांनी ‘स्मृतिचित्रे’ शाळेत धडा म्हणून वाचलंय आणि विसरलेत, त्यांनी परत उघडा. शाळेने आपल्याला त्यातला विनोद दाखवला, भीती दाखवली नाही.

विभावरी नावाची बाई कोण?

‘स्मृतिचित्रे’ येण्याच्या आदल्या वर्षी, १९३३ मध्ये, ह. वि. मोटे यांनी एक पुस्तक छापलं. ‘कळ्यांचे निःश्वास’. लेखिका विभावरी शिरूरकर. या नावाची बाई कुणालाच माहीत नव्हती आणि पुस्तकाने अख्खा महाराष्ट्र हलला. सभा झाल्या, टीका झाली, हे पुरुषानेच लिहिलं असणार असाही संशय घेतला गेला. खरी लेखिका होती बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. महर्षी कर्व्यांच्या संस्थेत शिकलेली, तिथेच शिकवणारी.

एवढं काय होतं त्या कथांमध्ये? शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न न झालेल्या मुली होत्या. त्यांना प्रेम हवंय, शरीर आहे, इच्छा आहेत. आणि त्या राहतात कुठे? आईवडिलांच्या घरी. तिच्या पगारावर घर चालतंय, म्हणून तिच्या लग्नाची कुणाला घाई नाही. हे वाक्य मी फार साधेपणाने बोलून गेले, पण थांबून बघा. तोवरच्या साहित्यात माहेर म्हणजे माया. विभावरीने पहिल्यांदा सांगितलं की माहेरही हिशेब करतं.

पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, ‘हिंदोळ्यावर’ आली. नायिका अचला. नवऱ्याने टाकलेली, शिकलेली. तिला दुसऱ्या माणसावर प्रेम होतं. आता इथे इतिहास महत्त्वाचा आहे. १९३४ साली मुंबई-पुण्याच्या हिंदू बाईला घटस्फोट मिळतच नव्हता. बडोदा संस्थानाने १९३१ मध्ये तसा कायदा केला होता, पण मुंबई प्रांतात तो यायला १९४७ उजाडलं, आणि देशभर १९५५. म्हणजे अचलेला कायद्याने नवरा सोडता येत नाही आणि प्रियकराशी लग्न करता येत नाही. मग ती लग्नाशिवाय त्याच्याबरोबर राहायचं ठरवते.

आज आपण लिव्ह-इन म्हणून टाकतो. तेव्हा त्या एका निर्णयात घर, नाव, नोकरी, नातेवाईक सगळं पणाला लागत होतं. पुस्तकाचं नाव म्हणूनच मला बरोबर वाटतं. हिंदोळा म्हणजे झोपाळा. एका टोकाला गेलं तरी तिथे थांबता येत नाही.

प्रेम अर्धवट का राहतं?

इथे जरा थांबूया. ‘अधुरी प्रेम कहाणी’ म्हटलं की आपल्याला पटकन आठवतो देवदास. शरच्चंद्रांची ही कादंबरी १९१७ ची. शरद्‌बाबू मराठी घराघरांत गेले त्यात मामा वरेरकरांच्या अनुवादांचा मोठा वाटा आहे. त्यामुळे देवदास आपल्याला काही परका नाही.

पण नीट बघा. देवदास सारखा फिरत असतो. गावी येतो, कलकत्त्याला जातो, परत येतो, शेवटी मरायलासुद्धा पारोच्या दाराशी येतो. पारो मात्र त्या दारातून बाहेर येऊ शकत नाही. पुरुषाचं अर्धवट प्रेम त्याला रस्त्यावर आणतं, बाईचं अर्धवट प्रेम तिला घरात कोंडतं.

बायकांनी हीच गोष्ट लिहिली तेव्हा त्यांनी कारण शोधलं. प्रेम अर्धवट राहिलं ते नशिबामुळे, गैरसमजामुळे, उशिरा मिळालेल्या पत्रामुळे नाही. ते राहिलं, कारण तिला हो म्हणायला किंवा नाही म्हणायला उभं राहण्यापुरतीही जागा नव्हती. मी तर म्हणेन, या कादंबऱ्यांना प्रेमकथा म्हणून वाचण्याआधी जागेच्या कथा म्हणून वाचा.

रोज एक कादंबरी

आता येऊया आत्याच्या वाचनालयाकडे. १९३० मध्ये किर्लोस्करांनी ‘स्त्री’ मासिक सुरू केलं आणि मध्यमवर्गीय बायकांना वाचायची, लिहायची एक हक्काची जागा मिळाली. १९६० च्या दशकात पुण्यातून एक मासिक निघालं, त्याचं नावच ‘माहेर’. त्याच सुमारास गल्लोगल्ली खासगी वाचनालयं होती. डिपॉझिट भरायचं, महिन्याची वर्गणी द्यायची, खाकी पुठ्ठ्याची कादंबरी घरी न्यायची, दुपारी झाकपाक झाल्यावर वाचायची. सुमती क्षेत्रमाडे, योगिनी जोगळेकर, कुसुम अभ्यंकर, शैलजा राजे ही नावं तुमच्या आजीला विचारा. डोळे चमकतील.

या लेखिकांना समीक्षकांनी फार किंमत दिली नाही. ‘बायकी’, ‘दुपारचं वाचन’ म्हणून बाजूला ठेवलं. त्यांची सगळी पुस्तकं थोर आहेत असं मीही म्हणणार नाही. बऱ्याच ठिकाणी शेवट गोड करायची घाई आहे. पण दुपारी दोन ते चार या वेळात हजारो बायका दुसऱ्या कुठल्यातरी बाईचं आयुष्य वाचत होत्या, ही गोष्ट लहान नाही. आत्याने मला एकदाच सांगितलं, ‘शेवट काय होणार ते माहीत असायचं गं. पण मधली दोनशे पानं ती बाई स्वतःचा विचार करायची ना.’

दोन वर्षं, दोन बायका

१९९० मध्ये शांता गोखल्यांची ‘रीटा वेलिणकर’ आली. रीटा थोरली मुलगी. घर तिच्या पगारावर चाललंय. ऑफिसमधल्या साळवींशी तिचं अनेक वर्षांचं नातं आहे आणि साळवी लग्न झालेले आहेत. हे प्रेम कुठेच जात नाही. तुटत नाही आणि पुढेही सरकत नाही. शेवटी रीटा मोडून पडते, हॉस्पिटलमध्ये जाते आणि तिथून, मैत्रिणीच्या सोबतीने, स्वतःला जुळवत आणते. २००९ मध्ये रेणुका शहाणेंनी यावर ‘रीटा’ सिनेमा केला, पल्लवी जोशी होती त्यात.

ओळखीची वाटली ना ही मुलगी? तिच्या पगारावर चालणारं घर, लांबलेलं लग्न, मनातल्या मनात राहिलेल्या इच्छा. ही ‘कळ्यांचे निःश्वास’ मधलीच मुलगी आहे, सत्तावन्न वर्षांनंतरची. मधल्या काळात देश स्वतंत्र झाला, घटस्फोटाचा कायदा आला, मुली बँकेत, मंत्रालयात, कॉलेजात गेल्या. रीटाचा प्रश्न मात्र तिथेच उभा होता.

आणि ‘रीटा वेलिणकर’ नंतर एका वर्षाने, १९९१ मध्ये, थिएटरात काय आलं? ‘माहेरची साडी’. बायका ट्रॅक्टरमध्ये बसून बघायला गेल्या, हातात रुमाल घेऊन. या सिनेमाची टिंगल करणं सोपं आहे, मीसुद्धा केली आहे. पण आता वाटतं, त्या रडत होत्या ते काही उगीच नाही. माहेरून मिळण्यासारखं फक्त साडीच असते, हे त्यांच्या ओळखीचं होतं.

कारण कायदा बघा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या मिळकतीत वाटा दिला. पण त्याच कायद्याच्या २३ व्या कलमात राहत्या घराबद्दल वेगळी मेख होती. भाऊ स्वतः वाटणी करत नाहीत तोवर मुलगी राहत्या घराची वाटणी मागू शकत नव्हती. आणि त्या घरात राहायचा हक्क कुणाला? लग्न न झालेल्या मुलीला, विधवेला, नवऱ्याने टाकलेल्या किंवा त्याच्यापासून वेगळी झालेल्या मुलीला. म्हणजे माहेरी हक्काने राहायचं असेल तर आधी आयुष्य मोडलेलं असलं पाहिजे. नुसतं ‘मला यावंसं वाटलं’ हे कारण कायद्याला चालत नव्हतं. माझी आत्या १९८६ मध्ये ट्रंक घेऊन आली तेव्हा कायदा हा असा होता.

१९९४ मध्ये महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला, पण ज्यांची लग्नं आधी झाली होती त्या बाहेर राहिल्या. २००५ मध्ये केंद्राने कायदा बदलला, ही अट गेली आणि २३ वं कलमही गेलं. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं की मुलीचा हा हक्क जन्माने आहे, २००५ मध्ये वडील हयात असायलाच हवेत असं नाही.

म्हणजे कायदा आला. आणि त्याच्या मागोमाग आमच्यासारख्या घरांमध्ये हक्कसोडपत्र आलं.

स्वतःचं घर

मग कादंबरीतल्या बाईने काय केलं? एक उत्तर गौरी देशपांडेंनी दिलं. इरावती कर्व्यांची मुलगी, महर्षी कर्व्यांची नात. १९८० मध्ये त्यांचं ‘एकेक पान गळावया’ आलं, पुढे ‘तेरुओ आणि काही दूरपर्यंत’, ‘दुस्तर हा घाट आणि थांग’, ‘गोफ’. त्यांच्या नायिका जगभर फिरतात. ‘तेरुओ’ मध्ये लग्न झालेली मराठी बाई जपानी माणसाच्या प्रेमात पडते आणि लेखिका तिला शिक्षा करत नाही, माफीही मागायला लावत नाही. एका माणसावर प्रेम असताना दुसऱ्यावरही असू शकतं, ते पूर्ण झालं नाही तरी वाया जात नाही, हे मराठीत इतक्या सहज आधी कुणी लिहिलं नव्हतं.

गौरीबाईंवर आक्षेप असतो की या सुखवस्तू बायकांच्या गोष्टी. पैसा आहे, इंग्रजी आहे, पासपोर्ट आहे, मग मोकळेपणा सोपाच. आक्षेप खोटा नाही. पण तो उलटा फिरवून बघा. म्हणजे बाईला मोकळं व्हायला नेमकं काय लागतं, याची यादीच तिथे मिळते.

मला त्यांचं सगळ्यात जवळचं पुस्तक कादंबरी नाहीये. ‘विंचुर्णीचे धडे’, १९९६ चं. फलटणजवळ विंचुर्णी गावात त्यांनी घर केलं, तिथल्या राहण्याची ही गोष्ट. माळरान, कुत्री, झाडं, गावातली माणसं, आणि स्वतःचं काय काय चुकलं ते. जगभर राहिलेली बाई परत येते, पण माहेरी नाही आणि सासरीही नाही. ती तिसऱ्याच जागी येते, जी तिने स्वतः उभी केलीय. रखमाबाईंपासून जो प्रश्न आपण धरून आलो, त्याला मला इथे पहिल्यांदा बाईने दिलेलं साधं उत्तर दिसतं. दार उघडून आत जायचं, आणि कुणाला विचारायचं नाही.

जाता जाता

हा भाग तयार करताना मी आत्याला फोन केला. म्हटलं, त्या चार महिन्यांत वाचलेल्यांपैकी एखादी कादंबरी आठवते का? म्हणाली, नावं नाही आठवत. मग मी हिंमत करून विचारलं, ‘तेव्हा परत का गेलीस?’ बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘तुझ्या काकाचं लग्न ठरत होतं. घरात परत आलेली बहीण आहे म्हटल्यावर पोरगी कोण देणार? आई काही बोलली नाही. ती नुसती माझी ट्रंक पुसून ठेवायची, रोज.’

मी विचारणार होते की त्या ट्रंकेत काय होतं, कुणाची पत्रं होती का. विचारलं नाही. कादंबरी असती तर विचारलं असतं.

हक्कसोडपत्र झालंय, ते काही मागे फिरत नाही. पण गेल्या आठवड्यात मी बाबांशी बोलले. त्यांच्या वाट्याच्या घरातली माडीवरची खोली आत्याच्या नावे बक्षीसपत्र करून द्यावी, असं म्हटलं. बाबा म्हणाले, ‘अगं, ती कधीही येऊ शकते की, तिचंच घर आहे.’ मी म्हटलं, मग लिहून द्यायला काय हरकत आहे? त्यावर ते गप्प बसले. अजून उत्तर आलेलं नाही.

तुमच्या घरी यंदा दिवाळीला आत्या, मावशी, ताई येतील. त्यांना एवढंच विचारा, तू शेवटची कधी न सांगता, सण नसताना, मुक्कामाला आली होतीस? काय उत्तर मिळतं ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात त्यातली काही उत्तरं वाचून दाखवीन, नावं न घेता.

भेटू. काळजी घ्या.